एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

अलीकडे पुष्कळ घरांतून एक नवीनच मागणी आईबापांच्या कानी पडू लागली आहे. मुलगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असतो, किंवा मुलगी विज्ञानाची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असते, आणि एके दिवशी ते पोर म्हणते, "बाबा, आपल्या लॅपटॉपवर मला लिनक्स घालावयाचे आहे. विंडोज जिथल्या तिथे राहील. मला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन शिकावयाचे आहे." बाबा विचारात पडतात. घरात लॅपटॉप एकच. त्यावर दुकानाचा हिशेब, थोरलीचे महाविद्यालयाचे कागद, आजोबांच्या हयातीतील शेवटची छायाचित्रे. त्यात दुसरे काही घालताना पहिले गेले तर? नको म्हणावे, तर लेकराच्या शिक्षणाच्या आड आल्यासारखे होते. हो म्हणावे, तर जीव खालीवर होतो.

या प्रश्नाचा आज थोडा सविस्तर विचार करू. आमचे मत आधीच सांगून टाकतो. होकार द्यावा, परंतु एका अटीवर. ज्या दिवशी ही दुसरी प्रणाली यंत्रात जाईल, तो दिवस म्हणजे शिक्षणापूर्वीची किरकोळ तयारी, असे शिकणाऱ्याने समजू नये. तोच त्याच्या पहिल्या परीक्षेचा दिवस होय. घरातील एकाही माणसाचा एकही कागद न हरवता ते काम पार पडले, तर या विद्येचे मर्म त्याला कळले असे खुशाल समजावे.

कारभाऱ्याचे काम

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, ही संगणकाच्या घरातील गृहिणीसारखी असते. कोणत्या कामाला किती जागा द्यावयाची, कोणी कोणते कपाट उघडावयाचे, छपाईयंत्राशी कोण बोलणार, हे सारे तीच ठरविते. विंडोज ही अशीच एक प्रणाली आणि लिनक्स ही दुसरी. एकाच यंत्रात दोन्ही ठेवून, यंत्र सुरू करतेवेळी आज कोणती हवी हे निवडण्याच्या सोयीला ड्युअल बूट म्हणतात.

आता सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे कोण? बँक, इस्पितळ, विद्यापीठ, रेल्वेचे आरक्षण, या साऱ्यांमागे रात्रंदिवस चालणारे संगणक असतात. त्यांवर नव्या माणसाचे खाते उघडणे, गेलेल्या माणसाचे बंद करणे, कोणी काय वाचावे व काय वाचू नये याची मर्यादा घालणे, सुरक्षेच्या सुधारणा वेळच्या वेळी चढविणे, साठवणीची जागा भरत आली की ती आधीच ओळखणे, सर्व माहितीच्या प्रती राखणे, आणि मध्यरात्री काही बंद पडले तर उठून ते सुरू करणे, ही या कारभाऱ्याची कामे. तो आपले काम चोख करीत असतो तोवर त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. ज्या दिवशी चूक होते, त्या दिवशी मात्र सर्वांना त्याची आठवण होते.

हे शिकण्यासाठी लिनक्सच का, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. इंटरनेटवरील फार मोठा कारभार याच प्रणालीवर चालतो. जगातील ५०० सर्वांत बलाढ्य संगणकांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते; त्या यादीतील यच्चयावत संगणक नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रथमच लिनक्सवर चालणारे ठरले. आणि इतक्या दूर जावयास नको. आपल्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याच्याही गाभ्याशी लिनक्सच आहे.

फुकट आणि मुक्त

लिनक्ससाठी पैसे मोजावे लागत नाहीत, हे ऐकून काही मंडळींना संशय येतो. फुकट मिळते ते कसले टिकाऊ, असे त्यांना वाटते. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. इंग्रजीत 'मोल नसलेले' आणि 'बंधन नसलेले' या दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे, त्यामुळे त्या भाषेत लिहिणाऱ्यांना वारंवार खुलासा करावा लागतो. आपल्या मराठीत 'फुकट' निराळे आणि 'मुक्त' निराळे. लिनक्स फुकट मिळते हे खरे, परंतु तिचा खरा गुण ती मुक्त आहे हा होय.

या विचाराला आकार दिला तो अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने. मॅसेच्युसेट्स येथील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत असता त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' नावाच्या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. प्रणाली कोणत्याही कामासाठी वापरण्याची मोकळीक. तिच्या आत काय लिहिले आहे ते वाचून त्यात बदल करण्याची मोकळीक. तिच्या प्रती इतरांना देण्याची मोकळीक. आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याची मोकळीक, अशा चार मोकळिकी त्यांनी मांडल्या. या प्रणालीचा बराचसा संसार १९९० च्या सुमारास उभा झाला होता, पण गाभा तयार नव्हता. तो आला फिनलंडमधून.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्डस या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढे १९९२ मध्ये त्याने ती स्टॉलमन यांच्या मुक्त परवान्याखाली आणिली, आणि जगभरच्या लोकांनी तिला हात लाविला. आज तिच्यावर काम करणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत आणि हौसेने काम करणारे विद्यार्थीही आहेत.

शिकणाऱ्याला या मुक्तपणाचा लाभ असा की, या घरात कुलूपबंद खोली नाही. कोणती सेवा कशी चालावी याचे नियम बहुतांशी साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात. त्या उघडाव्यात, वाचाव्यात, एक ओळ बदलावी आणि काय होते ते पाहावे. घड्याळाचे मागील झाकण उघडून पाहण्याची मुभा असलेला मुलगा जितका शिकेल, तितका नुसते काटे पाहणारा शिकणार नाही.

कोणते लिनक्स निवडावे?

नवखा माणूस पहिल्यांदा गोंधळतो तो येथे. लिनक्स हे नाव वस्तुतः गाभ्याचे. त्याभोवती इतर साधने जुळवून निरनिराळे गट जी पूर्ण प्रणाली तयार करतात तिला डिस्ट्रो म्हणतात. अशा डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत. पीठ तेच, कोणी त्याची भाकरी थापतो, कोणी घावन घालतो. त्यांतील चार नावे ओळखीची असली म्हणजे पुरे.

पहिली डेबियन. इयन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये ती सुरू केली. तिच्यामागे कोणतीही कंपनी मालक म्हणून उभी नाही. स्वयंसेवकांची एक मोठी संघटना ती चालविते. सुमारे दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. मधल्या काळात तिच्यात फारशी उलथापालथ होत नाही, म्हणून सर्व्हरवर ती पुष्कळ ठिकाणी दिसते. पूर्वी तिच्यात वायफाय चालविणे नवख्याला जड जाई. परंतु जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून त्यासाठी लागणारे फर्मवेअर तिच्या स्थापनेच्या प्रतीतच दिले जाते. तिची लहान प्रत एक जीबीपेक्षाही कमी आहे, उरलेले नंतर लागेल तसे उतरविता येते. आणि स्थापनेच्या सूचना मराठीतही वाचता येतात.

दुसरी उबुंटू. डेबियनच्याच पायावर ही ऑक्टोबर २००४ मध्ये उभी राहिली. सम वर्षाच्या एप्रिल महिन्यात तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते आणि तिला ५ वर्षे सुधारणा मिळतात. नवख्याला सर्वांत सोपी हीच. मात्र तिची पूर्ण प्रत पाच-सहा जीबीच्या घरात जाते, तेव्हा गावात जाळे मंद असेल तर शहरातील मित्राकडून पेनड्राइव्हवर आणविणे बरे. मुक्त प्रणालीची प्रत अशी हातोहात देण्यात कोणताही कायदा मोडत नाही.

तिसरी फेडोरा. हिची नवी आवृत्ती सुमारे दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला जेमतेम १३ महिने आधार मिळतो. नवे ते पाहण्याची हौस असेल त्याला ती चांगली. पण एकच लॅपटॉप असलेल्या घरात वर्षाकाठी नवी आवृत्ती चढविण्याची दगदग पहिल्याच वर्षी नको.

चौथे घराणे रेड हॅटचे. मोठ्या कंपन्यांत विकत घेतलेले रेड हॅट पुष्कळ आढळते. त्याच्याच धर्तीवर चालणाऱ्या आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन फुकट प्रणाली २०२१ मध्ये निघाल्या. त्या का निघाल्या, ही गोष्ट बोधप्रद आहे. पूर्वी हे काम सेंटओएस करीत असे. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल या भरवशावर अनेकांनी कारभार मांडला होता. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की तो २०२१ अखेरच संपणार. हजारो कारभाऱ्यांची धावपळ उडाली. तथापि, ती प्रणाली मुक्त असल्यामुळेच दुसऱ्यांना तिची वाट पुढे चालविता आली. निवड करताना 'आज काय दिसते' एवढेच न पाहता 'उद्या कोण सांभाळील' हेही पाहावे, हा त्यातला धडा.

आमचा सल्ला असा. घरच्या यंत्रावर डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. आणि जी घेतली, तीच एक वर्ष ठेवावी. काही तरुण दर महिन्याला नवी डिस्ट्रो चढवितात आणि आपण पुष्कळ शिकलो असे समजतात. ते शिकतात ते एवढेच, की प्रणाली चढवावी कशी. दर चार महिन्यांनी घर बदलणाऱ्याला छप्पर कोठे गळते ते कधी कळतच नाही. ते पावसाळा काढणाऱ्यालाच कळते. खाती, परवानग्या, सेवा, नोंदी, जाळे, प्रती, या मुख्य गोष्टी सर्व घराण्यांत सारख्याच तत्त्वाने चालतात. एक नीट आली की दुसरी शिकावयास आठवडे पुरतात.

ड्युअल बूट करावे की नाही?

हा प्रश्न घाई न करता विचारावा. घरात एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर सर्वांत उत्तम. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप नसल्यामुळे चालती-बोलती पुष्कळ यंत्रे बाजूला पडली. अशा यंत्रावर एकटे लिनक्स घालावे. मोडले तर पुन्हा घालता येते, आणि कोणाचे काही जात नाही. एवढेच की, त्यातील जुने कागद व छायाचित्रे आधी काढून घ्यावीत.

लॅपटॉप एकच असेल, पण त्याला ८ जीबी किंवा अधिक स्मृती असेल, तर आणखी एक मार्ग आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणून एक युक्ती आहे. तिच्यामुळे विंडोजच्या आत, एका खिडकीत, लिनक्सचा जणू निराळा संगणक चालतो. त्यात कितीही तोडफोड केली तरी बाहेरील घराला धक्का लागत नाही. प्रारंभीचे दोन महिने असे काढिले तर ते आम्हास अधिक पसंत आहे.

मात्र ४ जीबी स्मृतीच्या यंत्रात दोन प्रणाली एकाच वेळी चालू लागल्या, तर दोघींचेही पाय अडखळतात. तेथे ड्युअल बूट बरे, कारण एका वेळी एकच प्रणाली चालते आणि तिला सारे बळ मिळते. शिवाय खऱ्या यंत्राचा, त्याच्या डिस्कचा आणि सुरू होण्याच्या क्रमाचा जो परिचय त्यात होतो, तो खिडकीतल्या संगणकात होत नाही. यासाठीच शिकणाऱ्याने कधी ना कधी ते करावे. पण ते आधी काय करून, हे आता पाहू.

हद्द आखण्यापूर्वी

डिस्कची वाटणी म्हणजे जमिनीच्या वाटणीसारखीच. आरंभी एक तक्ता असतो: येथपासून येथपर्यंत विंडोज, येथून पुढे लिनक्स. तो तक्ता बिघडला तर जमीन कोठे जात नाही, पण कोणाची कोणती हे सांगणारा कागद नाहीसा होतो. म्हणून हद्द आखण्यापूर्वी पुढील कामे क्रमाने करावीत.

पहिले, सर्व कागदांच्या प्रती. जाणते लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. लॅपटॉपमध्ये एक, बाहेरील हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी काकांच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत. आणि नुसती प्रत काढून थांबू नये. ती दुसऱ्या संगणकाला लावून दहा-वीस फायली उघडून पाहाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे मानू नये.

हे किती खरे आहे, याचा दाखला चित्रपटसृष्टीत आहे. 'टॉय स्टोरी २' हा मुलांचा चित्रपट १९९९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या वर्षी, तो तयार होत असता, पिक्सार या संस्थेच्या संगणकावर कोणी पुसून टाकण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर नाहीशा होऊ लागल्या. राखलेल्या प्रतींकडे धाव घेतली, तो त्या नीट निघत नव्हत्या असे आढळले. हे तोवर कोणी तपासलेच नव्हते! चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. नुकतेच बाळ झाल्याने त्या घरून काम करीत होत्या, आणि त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. मोठ्या संस्थेची सारी सामग्री निकामी ठरली, आणि घराबाहेरची, म्हणजे येथे कचेरीबाहेरची, एक प्रत कामी आली. तीन-दोन-एक मधला शेवटचा 'एक' कशासाठी, हे यावरून समजेल.

दुसरे, बिटलॉकर. विंडोजच्या पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या क्रमात बदल दिसला की ते ४८ अंकांची किल्ली मागते. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती आधी शोधून कागदावर उतरून ठेवावी. किल्ली नसेल तर यंत्र धडधाकट असूनही आतील कागद हाती लागत नाहीत.

तिसरे, विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असता विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. डोळा लागल्यासारखे पडून असते. अशा अवस्थेत लिनक्सने त्याच्या विभागात काही लिहिले तर माहिती बिघडण्याचा धोका असतो.

चौथे, लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. 'लाइव्ह' प्रत घेतली असता डिस्कला हात न लाविता प्रणाली चालते. वायफाय लागते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, हे तासाभरात कळते. उतरविलेली प्रत शुद्ध आहे की नाही, हे पडताळण्यासाठी संकेतस्थळावर एक लांबलचक ओळखसंख्या दिलेली असते. ती जुळवून पाहण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावावी.

हद्द आखताना

विंडोजचा विभाग लहान करावयाचा तो विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट' या साधनाने. लिनक्सला ४० ते ६० जीबी मोकळी जागा शिकण्यासाठी पुष्कळ झाली. या वेळी लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि वायरही लाविलेली असावी. काम अर्धवट असता वीज गेली, असे होता कामा नये.

लिनक्सचा स्थापक पुढे एक प्रश्न विचारतो, आणि साऱ्या धोक्याचे मूळ त्या एका प्रश्नात आहे: सर्व डिस्क पुसून टाकू, विंडोजच्या शेजारी राहू, की विभाग तुम्ही स्वतः सांगता? पहिला पर्याय घरच्या यंत्रावर कधीही घेऊ नये. तसेच 'ईएफआय' नावाचा एक छोटा विभाग आधीच असतो. तो दोन्ही बिऱ्हाडांचा सामाईक दरवाजा आहे. तो वापरावा, पण पुसू नये. शेवटचे बटण दाबण्यापूर्वी स्थापक बदलांचा गोषवारा दाखवितो. तो मोठ्याने वाचावा, आणि जवळ दुसरे माणूस बसवून त्यालाही वाचावयास सांगावे. हे हास्यास्पद वाटेल. पण अनुभवी कारभारीही अवघड काम एकट्याने करीत नाहीत.

काम झाले की यंत्र सुरू होताना 'ग्रब' नावाची यादी दिसते आणि विंडोज की लिनक्स हे तेथे निवडता येते. यानंतर एक चमत्कार दिसेल: विंडोजमध्ये परत गेले की घड्याळ साडेपाच तास मागे! घाबरू नये. यंत्रातील घड्याळात लिनक्स जागतिक वेळ राखते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते; भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून हा फरक. दोघांपैकी एकाला समजावून सांगणारी एक आज्ञा आहे. ती शोधून काढणे, हा शिकणाऱ्याचा पहिला गृहपाठ समजावा.

पेनड्राइव्ह मात्र पुसून टाकू नये. शेजारी नांदणारे बिऱ्हाड कधी दरवाजाची कडी बदलील याचा नेम नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर ड्युअल बूटच्या अनेक यंत्रांत लिनक्स सुरूच होईना. माहिती शाबूत होती, फक्त दार उघडत नव्हते. अशा वेळी तोच पेनड्राइव्ह उपयोगी पडतो.

लिनसचीच कथा

अशा कामात चूक फक्त नवख्याची होते असे मात्र समजू नये. ज्या लिनस टॉरवाल्डसने ही प्रणाली लिहिली, त्याच्या हप्त्यांनी घेतलेल्या यंत्रात मिनिक्स ही दुसरी प्रणाली होती. तिच्याच आधाराने त्याने आपले काम आरंभिले होते. १९९१ च्या अखेरीस एकदा त्याला टेलिफोनद्वारे विद्यापीठाच्या संगणकाला जोडून घ्यावयाचे होते. मोडेमला द्यावयाची आज्ञा त्याने चुकून डिस्कला दिली, आणि मिनिक्सच्या विभागातील महत्त्वाचा भाग पुसला गेला. मिनिक्स पुन्हा चढवावे की आपल्याच प्रणालीवर राहावे, असा प्रश्न पडला. आणि त्याने आपल्याच प्रणालीवर राहावयाचे ठरविले. चूक त्याला फळली. पण हेही ध्यानात ठेवावे की ते यंत्र त्याचे एकट्याचे होते. त्यावर कोणाच्या दुकानाचा हिशेब नव्हता.

पुढील एक वर्ष

प्रणाली चढविली म्हणजे विद्या आली नव्हे. वर्षाचा क्रम साधारण असा असावा. प्रारंभी घरातील प्रत्येकाचे निराळे खाते उघडावे, आणि एकाचे कागद दुसऱ्याला दिसणार नाहीत पण हिशेबाची वही दोघांनाच दिसेल, अशा परवानग्या लावून पाहाव्यात. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याचा वापर गरजेपुरताच करावा; हातात अधिकार आहे म्हणून तो सदासर्वदा चालविणारा कारभारी फार दिवस टिकत नाही.

त्यानंतर सुधारणा चढविणे, नोंदी वाचणे, सेवा सुरू व बंद करणे. मग जाळे: घरातील वायफायवर एक छोटे संकेतपान चालवून ते आईच्या फोनवर दाखवावे. एस.एस.एच. ने दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरावयास शिकावे. मग दररोज रात्री आपोआप प्रती काढणारी योजना, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून एक कागद परत आणण्याचा सराव. शेवटी यंत्राची शक्ती पुरली तर लिनक्सच्या आत आल्मा किंवा रॉकी चालवून दुसऱ्या घराण्याची रीत पाहावी, आणि तेथे मुद्दाम मोडतोड करून ती दुरुस्त करावी.

एक साधी वही जवळ असावी. तारीख, काय बदलले, का बदलले, आणि उलटे कसे फिरवावयाचे, एवढे प्रत्येक वेळी लिहावे. सहा महिन्यांनी तीच वही त्याचे सर्वांत मोलाचे पाठ्यपुस्तक होईल. याशिवाय राफाएल हर्ट्झोग आणि रोलां मास यांचे डेबियनच्या कारभारावरील इंग्रजी पुस्तक विनामूल्य वाचावयास मिळते. आणि मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. इंग्रजी कच्चे म्हणून कोणी मागे राहू नये.

एवढे केले की नोकरी हमखास, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु रेड हॅटच्या आर.एच.सी.एस.ए. सारख्या परीक्षेत उत्तरांवर खुणा करावयाच्या नसतात; प्रत्यक्ष यंत्रावर कामे करून दाखवावी लागतात. तेथे वर्षभर एकच यंत्र सांभाळलेला हात ओळखू येतो.

आईबापांना एवढेच सांगणे की, परवानगी देताना तीन गोष्टी मागून घ्याव्यात: बाहेरील डिस्कवरची प्रत, कागदावर लिहिलेली किल्ली, आणि त्या प्रतीतून उघडून दाखविलेले एक छायाचित्र. या तीन गोष्टी जो आपण होऊन आणून देईल, त्याच्या हाती लॅपटॉप निर्धास्तपणे द्यावा. जो म्हणेल, "काही होत नाही हो, बाबा," त्याला आणखी एक आठवडा थांबावयास सांगावे. उद्या कदाचित एखाद्या इस्पितळाचे संगणक याच मुलाच्या स्वाधीन होतील. तेथे रोग्यांची नावे, औषधे, तपासणीचे निकाल असतील, आणि ते सर्व कोणा ना कोणाच्या आईबापांचे असतील. दुसऱ्याची ठेव जपावयाची सवय तोवर त्याच्या अंगी बाणलेली हवी, आणि ती लागावयाची जागा घरचा लॅपटॉप हीच होय.